सात पालथे पेले

आत्याचं गणित समजणारी माणसं जगात अकरा होती आणि त्यातल्या चौघांशी तिचं भांडण होतं. घराची किल्ली घरातच विसरली की ती पायरीवर बसून गणित सोडवायची आणि गणित सुटलं की किल्लीचाही प्रश्न सुटला असं समजून दाराला धक्का द्यायची. विद्यापीठात तिला मान होता. घरात तिला कोणी गॅसजवळ उभं करत नसे.

शनिवारी सकाळी ती शाळेतल्या मुलींना गणित सांगायची. पैसे नाहीत, परीक्षा नाही, विद्यापीठातली वरच्या मजल्यावरची एक खोली तेवढी मिळालेली. खालच्या मजल्यावरचे एक प्राध्यापक जिन्यात भेटले की म्हणायचे, चालू द्या पालथ्या घड्यावर पाणी. आत्या म्हणायची, आम्ही आधी घडे सुलटे करतो, मग पाणी घालतो. तुम्ही नुसते ओतत बसता, म्हणून तुमच्या वर्गात जमीन ओली आणि घडे कोरडे.

या खोलीचा नियम एकच. पुराव्याशिवाय बोलायचं नाही. जिला आपलं म्हणणं सिद्ध करता येणार नाही तिने दप्तर उचलून बाहेर जायचं, मग ती कोणी का असेना. बाहेर गेल्यावर हवं त्याच्यावर विश्वास ठेवा, देवावर ठेवा, दुकानदारावर ठेवा, आत्याला त्याचं सोयरसुतक नव्हतं.

हा नियम सगळ्यात जास्त कोणाला आवडत असेल, तर तो बंडलला. बंडल म्हणजे आत्याची भाची, भावाची मुलगी, वय बारा. नाव पाळण्यात ठेवलेलं निराळं, पण ती इतक्या थापा मारायची की तिला जगाने हे दुसरं नाव बहाल केलं. आपल्या आजोबांनी एकदा वादळाला दम देऊन परत पाठवलं, हे ती पहिलीत असताना सांगून बसली होती. पुढे वाढतच गेलं. त्याचा परिणाम व्हायचा तो झाला. एकदा खरोखर तापाने फणफणली असताना खेळाच्या बाईंनी तिला मैदानाला तीन फेऱ्या मारायला लावल्या. लांडग्याची ती जुनी गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे, पण लांडग्याच्या तोंडी सापडलेल्या पोराचं दुःख त्याचं त्यालाच कळतं.

शनिवारच्या खोलीत मात्र कोणी तुमच्यावर विश्वास ठेवायची गरजच नव्हती. थापाडी असा नाहीतर साध्वी असा, सिद्ध केलंत की संपलं. बंडल आठवडाभर त्या दोन तासांची वाट पाहायची. आत्याने तिला घेताना बजावलं होतं, की भाची म्हणून सूट नाही, इथे एक जरी लबाडी केलीस तरी पुन्हा या दारात पाय ठेवायचा नाही. बंडलने आजवर केली नव्हती. हे तिचं तिलाच नवल होतं.

त्या शनिवारी मावशीने कॅन्टीनमधून काचेचे सात जाड पेले आणून दिले. मावशी म्हणजे त्या मजल्याच्या खोल्या झाडून-पुसून ठेवणारी बाई, देवभोळी आणि फटकळ. कोपऱ्यातल्या आरामखुर्चीत मोठ्या बाई होत्या. त्या आत्याच्या गुरू, कधीच्या निवृत्त झालेल्या. घरी कंटाळा येतो म्हणून दर शनिवारी यायच्या, पेपरमिंट तोंडात टाकायच्या आणि डोळे मिटायच्या. झोपल्या आहेत की विचार करताहेत, हे चाळीस वर्षं कोणाला समजलं नव्हतं.

आत्याने सातही पेले टेबलावर ओळीने पालथे घातले आणि खेळ सांगितला. एका वेळी दोन पेले घ्यायचे, कुठलेही दोन, आणि दोन्ही फिरवायचे. पालथा असेल तो सुलटा होईल, सुलटा असेल तो पालथा. असं करत करत सगळे सुलटे करून दाखवा.

"देव आला तरी जमणार नाही," आत्या म्हणाली.

मावशी पाण्याचा जग ठेवत होती, तो तिने आपटलाच. चांगल्या घरच्या माणसांनी देवाला असल्या कामाला बोलावू नये, आणि बोलावलंच तर येण्याआधी नापास करू नये, असं तिने ऐकवलं. आत्या म्हणाली, विषम संख्या त्याने स्वतःच केल्यात, आता त्यालाही त्या पाळाव्या लागणार. बांधलेला देव मी अजून पाहिला नाही, असं म्हणून मावशी दाराशी स्टुलावर बसली. बघूच म्हणाली.

मुली तुटून पडल्या. पुढच्या बाकावरच्या दोघींनी तर पेल्यांचा इतका खडखडाट केला की खालच्या प्राध्यापकांनी छतावर काठी ठोकली. पण काही केल्या एक पेला पालथा उरायचाच. सहा सुलटे, एक पालथा. शेवटी आत्याने त्यांना थांबवलं, फळ्यावर मोठा एकाचा आकडा काढला आणि म्हणाली, हा जो उरलाय ना, तो जन्मभर उरणार.

मग तिने का ते सांगितलं, आणि ते तिने छान सांगितलं, हे म्हणायला हवं. फक्त पालथे मोजा, म्हणाली. दोन पालथे फिरवले तर पालथे दोनने कमी. दोन सुलटे फिरवले तर दोनने जास्त. एक हा, एक तो, असे फिरवले तर होते तेवढेच. म्हणजे समजा एक बाई सातव्या पायरीवर उभी आहे आणि तिला शपथ आहे, की उतरताना दोन पायऱ्या आणि चढतानाही दोनच. सातवरून पाच, पाचवरून तीन, तीनवरून एक. वाटल्यास पुन्हा चढेल. पण शून्याच्या, म्हणजे अंगणाच्या, पायरीवर तिचा पाय या जन्मी पडायचा नाही. एवढाच पुरावा. वह्यांत उतरवून घ्या.

मुलींनी माना खाली घातल्या. मावशी फळ्याचं फडकं ओलं करायला बाहेर गेली. मोठ्या बाईंचे डोळे मिटलेले होते.

आता यावेळी जे घडलं ते खोलीत कोणी पाहिलं नाही, पण तुम्हाला सांगून ठेवायला हवं. चोर कोण ते आधी कळलेलं बरं. कीर्तनाला बसणाऱ्यांना आख्यानाचा शेवट पाठ असतो, तरी डोळे पुसायचे तिथे ते पुसतातच. तर झालं असं, की बोलून बोलून आत्याच्या घशाला कोरड पडली. तिने समोरच्या सुलट्या पेल्यांपैकी एक उचलला, जगमधलं पाणी ओतलं, प्यायली आणि पेला जागेवर पालथा घातला. सगळ्या जगाची धूळ आपल्याच पेल्यात पडायला टपलेली आहे असं तिला लहानपणापासून वाटतं. भावाच्या घरीही ती पाणी प्यायली की पेला पालथाच. हात आपलं काम करत होते आणि आत्या मनाने त्या बाईबरोबर जिन्यावर होती.

वह्या मिटल्यावर आत्याने विचारलं, कोणाला शंका. बंडल शेवटच्या बाकावरून उठली. शंका नाही, म्हणाली, पण एकदा हात लावून बघू का. बघ, म्हणाली आत्या. बंडल टेबलाशी आली, जरा थबकली, दोन हातांनी दोन पालथे पेले उचलले आणि सुलटे ठेवले.

सातही पेले सुलटे.

मावशी ओलं फडकं घेऊन दारात उभी होती. तिने डोळे मिटले.

"आला," ती हळूच म्हणाली.

मुलींमधून आधी कुजबुज आली, मग हसू, मग ते नाव. बंडल, बंडल. आत्याचा चेहरा फळ्यासारखा झाला. ती बंडलजवळ आली आणि अगदी खालच्या आवाजात बोलली, ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं.

"एक पेला तू आधीच चोरून फिरवलास."

"नाही."

"हा तुझा शब्द. आणि हा पुरावा," आत्याने फळ्याकडे बोट केलं. "दोघांतलं एक खोटं आहे, आणि पुरावा खोटं बोलत नाही. दप्तर उचल."

बंडलला रडू यायला लागलं होतं, पण घरी इतक्या वेळा खोटं रडून झालं होतं की खरं रडण्यातही अर्थ उरला नव्हता. ती शेवटच्या बाकापाशी गेली. वही दप्तरात घालताना तिला आपल्याच अक्षरात उतरवलेला तो जिना दिसला. ती उभ्याउभ्याच वाचायला लागली. पुढच्या बाकावरच्या दोघी मागे वळून बघत होत्या, आता ही काय नवी थाप काढते म्हणून.

मग ती वही घेऊनच परत आली.

"आत्या, यात माझं नाव नाहीये."

आत्या म्हणाली, कशात.

"पुराव्यात. शून्य आलं म्हणजे कोणीतरी एकटा पेला फिरवला, एवढंच यात आहे. कोणी फिरवला ते नाही."

कोपऱ्यातून पेपरमिंट चघळल्याचा आवाज आला.

"खरंच की," मोठ्या बाई डोळे न उघडता म्हणाल्या. "नाव कुठे आहे? विद्यार्थिनी होतीस तेव्हाही तू शेवटची ओळ घाईतच लिहायचीस."

बंडलला धीर आला. तिने मुलींना विचारलं, मी किती पेले फिरवले ते पाहिलंत ना. पाहिलं होतं सगळ्यांनी, एकदाच आणि दोनच. शेवटी सगळे सुलटे झाले हेही पाहिलंत. मग उलटं चालत जा, म्हणाली ती. ते दोन पुन्हा पालथे घाला. म्हणजे मी आले तेव्हा इथे दोन पालथे होते, आणि यासाठी माझ्यावर विश्वास ठेवायला नको. त्याआधी एकच होता, तो आत्याने फळ्यावर लिहिलाय. एकाचे दोन झाले ते आपण माना खाली घालून लिहीत होतो तेव्हा. आणि मी तिकडे शेवटच्या बाकावर होते, मध्ये चार बाकं. उठून पुढे आले असते तर वाटेत ठेवलेली दप्तरं सरकून बाकांवरच्या सगळ्यांच्या पायांना लागली असती.

दप्तरं पायांना लागली नव्हती, हे त्या बाकांवरच्या मुलींनी कबूल केलं. एकीने जरा नाखुशीनेच.

"मग कोणी केलं?" आत्याने विचारलं.

"ते मला माहीत नाही," बंडल म्हणाली. "माहीत नाही तर मी नाव कसं घेऊ?"

आत्याने येरझारा घातल्या, फळ्यावरचा एक पुसला, पुन्हा काढला. घशाला कोरड पडली. टेबलापाशी येऊन तिने एक पेला उचलला, जगमधलं पाणी ओतलं, एका दमात प्यायली, आणि साऱ्या वर्गासमोर तो पेला टेबलावर पालथा घातला.

पुढच्या बाकावरची एक मुलगी तोंडात रुमाल कोंबून थरथरायला लागली. आत्याने तिच्याकडे पाहिलं, मग तिची नजर कुठे आहे ते पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे पाहिलं. हात अजून पेल्याच्या बुडावर होता. शेजारच्या एका सुलट्या पेल्याभोवती टेबलावर पाण्याचं गोल कडं उमटलेलं होतं, पालथ्या तोंडाएवढं.

मोठ्या बाईंनी डोळे उघडले. पाहिलं. पुन्हा मिटले.

खरं तर आत्याला हसून वेळ मारून नेता आली असती. मोठी माणसं नेतात. पण तिने देव मानला नसला तरी नियम मानला होता, आणि माझ्या मते देवाला तेवढं चालतं. ती बंडलसमोर उभी राहिली.

"मी तुला खोटी म्हणाले. पुरावा नव्हता." मग थोडं थांबून म्हणाली, "चुकलं माझं."

बंडलला अशा वाक्याची सवय नव्हती, आणि त्यावर काय म्हणायचं असतं ते थापांमध्येही कधी आलं नव्हतं. तिने नुसती मान हलवली आणि डोळे बाहीला पुसले.

आत्याने खुर्चीवरची पर्स उचलली, छत्री उचलली, छत्री खाली ठेवली कारण ती मोठ्या बाईंची होती, आणि खोलीबाहेर गेली. दार तिने स्वतःच लावून घेतलं.

बाहेर मावशी एव्हाना बादली घेऊन जिन्याच्या वरच्या पायरीवर येऊन बसली होती. आत्या तिच्या शेजारी टेकली. देव आलाच नव्हता, तिने मावशीला समजावलं, मीच पाणी प्यायले होते. मावशीने ते सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"आणि तहान कोणी दिली?" तिने विचारलं.

या प्रश्नाचा पुरावा आत्याकडे नव्हता. नियमाप्रमाणे ती गप्प बसली.

आत पेल्यांचा खडखडाट सुरू झाला. बंडलचा आवाज येत होता. दोनदोन नको, तीनतीन फिरवून बघू या, म्हणत होती. सातवरून चार, चारवरून एक, पुढे काय. कोणी म्हणालं हेही जमणार नाही. कोणी म्हणालं जमेल, नुसतं उतरत नको राहू, एखादा मुद्दाम पालथा घालून बघ. मग भांडण, मग खालून काठीची ठकठक, मग पुन्हा खडखडाट. पोरी अगदी उत्तराच्या उंबऱ्यावर होत्या आणि भलतीकडेच बघत होत्या.

आत्याला राहवेना. ती उठली आणि दार ठोठावलं.

"काय पाहिजे?" आतून मोठ्या बाईंनी विचारलं.

"बाई, आत येऊ द्या. मला उत्तर माहीत आहे."

आत पेपरमिंटचा कागद वाजला.

"मग तर बाहेरच थांब," मोठ्या बाई म्हणाल्या.

आत्या परत पायरीवर येऊन बसली. मावशीने बादली जरा बाजूला सरकवली, तिला पाय पसरता यावेत म्हणून.