माझ्याआधी दोघे गेले

ते फडकं आधी खाली ठेवा, मग ऐका. मी व्हॉल्व्ह बोलतोय. हौशी रेडिओवाल्यांचा आवाज मोठा करून दूर पाठवायचा, हे माझं काम. अंग काचेचं, आत तापणारी तार. अंगावरचा छाप पुसलाय, तेवढ्यावरून माणसं माझ्याकडे चोरासारखी पाहतात.

द्वारका चौकाजवळ निसारभाईंच्या सुट्या भागांच्या दुकानात मी कापसात पडून होतो. तिथून माझे दोन सोबती रेडिओ क्लबात गेले आणि दसऱ्यानंतर पाठोपाठ मेले. एक निळा झटका, संपलं.

"निसार डुप्लिकेट माल देतो," क्लबचे हिरामणकाका सांगत सुटले. "आता तिसरा पण गेला ना, सगळ्या ग्रुपवर टाकतो बघा. कोण येतं त्याच्या दुकानात!"

तो तिसरा मी. निसारभाईंचं नाव माझ्या जिवाला टांगलेलं. त्यांनाही मुद्दाम बोलावलं होतं.

क्लबच्या त्याच अँप्लिफायरमध्ये मला बसवलं तेव्हाच शंका आली. आतलं सगळं नको इतकं चकचकीत. कोपऱ्यात खंडेनवमीच्या पूजेतली झेंडूची पाकळी. मी तिच्यावरही संशय घेतला.

वीज आली. माईकवर कुणी बोललं नाही, तरी माझ्या अंगातून कुणीतरी शीळ घालू लागलं.

"हात लावू नका कुणी!" वेदिका ओरडली. परदेशात शिकून परतलेली पोर. पेठच्या डोंगरात मोबाईल बंद पडला तरी निरोप पोचलाच पाहिजे, या ध्यासानं पेटलेली. लांब सुक्या काठीला बांधलेला टेस्टरचा दिवा तिनं माझ्याजवळ धरला. तो कुठेही न टेकता आपोआप पेटला. तिनं लगेच वीज तोडली.

"व्हॉल्व्ह खोटा नाही. अँप्लिफायरच स्वतःशी गातोय आणि त्यांना जाळतोय. काका, इथं काय होतं?"

"काय नाय, एक करपलेलं वेटोळं. पूजेला काळं कसं ठेवायचं? सरळ तांब्याची तार लावली, झकास."

"त्यानंच तर हे गाणं दाबून धरलं होतं!"

निसारभाई हसले. "काका, पोराची तीटच पुसली की तुम्ही!"

वेदिकानं नवं वेटोळं बसवलं. शीळ थांबली. काका मोबाईल काढून बराच वेळ काहीतरी लिहीत बसले. मला दिसलं नाही. निसारभाईंच्या खिशात मोबाईल वाजला. त्यांनी वाचलं आणि सगळ्यांना चहा सांगितला.

त्या शिळेनं माझी आतली जाळी थोडी भाजली, पण पेठशी बोलतो अजून. आज पुन्हा खंडेनवमी. वेटोळं आता काळवंडलंय, आणि काकांची नजर त्याच्यावरच आहे.

फूल वाहा, काका. पुसू मात्र नका.