दादांची मंगळवारी

शाळेच्या स्नेहसंमेलनात संस्थेचे अध्यक्ष विजयसिंहदादा भर दुपारी मंगळावर निघाले होते. पत्र्याचं रॉकेट दहा फूट वर जाणार, परत येणार आणि मनोऱ्याचे दोन लोखंडी हात त्याला झेलणार, असा देखावा होता. उचलायला दादांच्याच विहिरीवरची क्रेन आणली होती. ती चालवायला विहिरीवरचाच आश्रुबा होता.

माइक हातात आला की दादांना आवर नसे. "जुनी रॉकेटं एकदा उडाली की समुद्रात! आता तेच रॉकेट परत येतं, तेच पुन्हा उडतं. एकदा वापरून टाकायचे दिवस गेले!"

आश्रुबा मनात म्हणाला, तुमच्याकडं ते कधी आलेच न्हाईत. तीन महिने तो क्रेनला नवा तारेचा दोर मागत होता. जुन्याची तार जागोजागी तुटून कुसळासारखी वर आली होती. त्याच दोराला लटकून त्याचा कर्ता मुलगा लखन रोज साठ फूट खाली खोदायला उतरायचा. बापाचा जीव टांगणीला, आणि दादा म्हणायचे, "आणखी वरीसभर तुटत न्हाई बघ." ज्याला स्वतः खाली उतरायचं नसतं, त्याला दोर पक्काच दिसतो.

देखावा दादांच्या लेकीने, तेजश्रीने उभारला होता. ती पुण्यात इंजिनिअरिंगला होती. दादा फेटा सावरत रॉकेटात बसले. तिने दोर चाचपला आणि चटकन हात मागे घेतला. बोटातून रक्त आलं होतं.

"काका, हा कुठला दोर?"

"इहिरीवरचाच, ताई. दादा म्हणत्यात, लई पक्का हाय."

"अहो, खरं रॉकेट परत आलं की आधी तपासतात, मगच पुन्हा उडवतात. पप्पा, उतरा खाली!"

दादा असे उतरले की फेटा आतच राहिला. घाम पुसत त्यांनी माइकवरून हुकूम सोडला, "माणूस नको. कापडाची भावली बसवा."

आश्रुबाच्या मस्तकात सणक गेली. दहा फुटांना घाबरणारी ही भागूबाई! आणि हिच्या शब्दावर आपण स्वतःच्या हाताने पोराला खाली सोडत आलो, या विचाराने त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याने इंजिन बंद केलं आणि किल्ली दादांच्या पुढ्यात टाकली.

"दादा, उद्या इहिरीतबी भावलीच उतरवा. माझा लखन येणार न्हाई."

माइक चालूच होता. साऱ्या मांडवाने ते ऐकलं.