करंगळीच्या मापाची नळी

आमच्या नवागामच्या खोलीत येणारं प्रत्येक मशीन आधी माझ्या सासऱ्यांपुढे परीक्षा देतं, मगच त्याला घरात जागा मिळते. नाना, म्हणजे माझे सासरे हिलाल, तीस वर्षं कापडाच्या लूमवर मास्तर आहेत. बिघडलेला माग ते कान लावून ओळखतात आणि त्या कानाचा त्यांना फार गर्व आहे. भागळच्या बाजारात त्या दिवशी त्यांनी मांस दळायची चार मशीनं एकेक करून कानाशी धरली, हँडल फिरवलं, आतला दट्ट्या हलवून पाहिला. दुकानदार शेवटी वैतागला.

"काका, लेना है या खोलना है?"

नाना हँडल फिरवतच राहिले. मी त्यांना विजेचं मशीन दाखवलं, कारण रोज हँडल मलाच फिरवावं लागणार, हे मला दिसत होतं.

"मोटर गरम व्हई," नाना म्हणाले. "मटण मशीनमाच भाजाई जाई."

अॅल्युमिनियमचं त्यांनी हातात घेऊन परत ठेवलं. बिडाचं गंजेल म्हणाले. राहिलं स्टीलचं. त्याच्यासोबत सॉसेज भरताना आतडं चढवायच्या तीन नळ्या होत्या. नानांनी तिन्ही नळ्यांत आपली करंगळी घालून पाहिली आणि जिच्यात ती घट्ट बसली ती नळी बाजूला काढली. दुकानदार हसला. मला हसू आलं नाही.

माझ्या सासूचं, सरलाबाईंचं, तोंडाचं ऑपरेशन झालं होतं. जन्मभर मिश्री लावली, त्याचं ते फळ. नंतर पस्तीस दिवस रेडिएशनचे शेक दिले आणि जबडा आखडला तो आखडलाच. करंगळी जाईल एवढंच तोंड उघडतं. वजन चौतीस किलो. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, अडतीस भरल्याशिवाय पुढचं औषध सुरू करणार नाही, कारण ते अंगाला झेपणार नाही. आणि आई, म्हणजे सासूबाई, तर पेज ढकलायची, अंडं ढकलायची, दूध तोंडाला लावून खाली ठेवायची. आम्ही फारच मागे लागलो तेव्हा एकदा एवढंच म्हणाली, "मटण ऱ्हातं ते खादं असतं."

कसायाकडून खिमा आणला, पण त्याचे कण तोंडभर पसरले. ते गोळा करायला तिची जीभ वळेना. मग मी मोबाइलवर सॉसेज पाहिलं. खिमा दोनदा दळायचा, बोकडाच्या बारीक आतड्यात भरायचा, वाफवायचा आणि वरचा पापुद्रा सोलून टाकायचा. बोटासारखा मऊ तुकडा सरळ आत जातो. तोंडात फोड होते म्हणून मिरची नाही, मसाला नाही, नुसतं आलं, लसूण, मीठ.

सुट्टीच्या दिवशी सकाळीच नाना मशीन पाटाला आवळून बसले. हँडलला मला हातही लावू दिला नाही. मीठ-हळदीने आतडं धुऊन मी ते नळीवर चढवलं आणि ते दळत राहिले. दोन तासांत बारा सॉसेज झाली. पहिलं ताट आईचं. एरवी घरात पुरुषांची पंगत आधी बसते, त्या दिवशी नानांनीच ते मोडलं.

आईने एक संपवलं. दुसरं निम्मं खाल्लं. नाना समोर उकिडवे बसून बघत होते.

"कसं शे?"

"बेस व्हयनं शे."

नानांचं तोंड इतकं उजळलेलं मी योगराजच्या, माझ्या नवऱ्याच्या, लग्नातही पाहिलं नव्हतं, आणि ते लग्न माझंही होतं. मी पातेल्यातला एक तुकडा तोंडात टाकला आणि मोरीत थुंकला.

मशीनचं तेल. लूमचं.

"नाना, तुम्ही मशीनला तेल घातलंत?"

"तेलबिगर मशीन चालस का?" ते म्हणाले, आणि म्हणताना त्यांचा आवाज बसत गेला. नवीन मशीन चालवायच्या आधी दांड्याला कुपीतून दोन थेंब सोडायचे, हे त्यांचा हात तीस वर्षं करत आला होता. वास आला असता, पण आमच्या घरात कपड्यांना, गोधड्यांना, नानांच्या अंगाला तोच वास असतो. आमच्या नाकांना तो कळतच नाही. जिभेला मात्र कळायला हवं होतं.

नानांनी घाईघाईने ताट ओढलं. मग ते थांबले आणि आईकडे पाहू लागले.

"तुले समजनं नही?"

"माले कशानीच चव लागत नही," आई म्हणाली. "शेक लिन्हा तव्हापाईन. समदं मातीसारखं."

"मंग खादं कसाले?"

"तुम्हीन दोन तास हात फिराया. नही कसं म्हणू?"

मला रडू आलं आणि स्वतःचा रागही आला. चार महिने मी तिला नखरे करते म्हणून मनात बोल लावत होते. माती गिळायला सांगत होते तिला, रोज तीन वेळा.

नानांनी मशीन उघडून सोडा घालून उकळत्या पाण्यात धुतलं. तीनदा धुतलं. उरलेलं, अजून न दळलेलं मटण दळलं, आणि मी नवीन सॉसेज वाफवून आधी स्वतः चाखलं. ताट पुढे ठेवलं, पण आईने मान फिरवली. आता खोटं खाण्याचंही कारण उरलं नव्हतं. चौतीस किलोची ती बाई भिंतीकडे तोंड करून बसली आणि मला फार भीती वाटली.

नाना तिच्या शेजारी जाऊन बसले. एक तुकडा त्यांनी स्वतःच्या तोंडात टाकला. बत्तीस वर्षांत त्यांनी तिच्या कुठल्या भाजीला बरं म्हटल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

"तिखं शे," ते म्हणाले. "काया मसाला चांगला भाजेल शे. खोबरं जरासं जास्त भाजायनं, पन तेच बरं लागस."

आईने मान वळवली. नानांनी तुकडा तिच्या ओठांशी धरला. तिने तो घेतला.

"रस्सावर तर्री शे. मांगेथीन लवंग लागस. भाकर चुरीसन खावानी."

त्या सॉसेजमध्ये मसाला नव्हता, खोबरं नव्हतं, रस्सा तर नव्हताच. नाना तिच्या हातचं मटण सांगत होते, ती धडधाकट असताना केलेलं. ते श्वास घ्यायला थांबले की आईचं चावणं थांबायचं, म्हणून ते थांबत नव्हते. डोळे मिटून ती ऐकत होती आणि गिळत होती.

तिने तीन खाल्ली. चौथ्यापर्यंत नानांचा घसा बसला, तरी ते बोलत राहिले.