काळ्या गाईंच्या पांढऱ्या पाठी

आदल्या दिवशी बाबा नेहमीसारखेच होते. चहात साखर कमी म्हणून कुरकुरले. "गुरांच्या डॉक्टरला माणसांचं पथ्य लावतेस होय?" दुसऱ्या दिवशी खोकल्यातून रक्त आलं आणि संध्याकाळी ते गेले. फुप्फुसात गाठ होती, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

मी आठ वर्षांची असताना टेकड्यांपलीकडे अणुबॉम्बची चाचणी झाली. वाऱ्याने राख कुरणावर आणली. पंधरा दिवसांत गाईंच्या पाठी भाजल्यासारख्या सोलवटल्या, पोटाखाली मात्र ओरखडाही नव्हता. मग जखमांवर केस उगवले ते पांढरे. काळ्या गाईंवर कुणी चुना ओतल्यासारखं वाटे.

बाबांनी एकेक गाय तपासली. त्यांची पद्धत ठरलेली: पाठीशी तोंड नेऊन फुंकर मारायची, केस दुभंगले की कातडी बघायची. राख उडायची, ते ती श्वासात घ्यायचे. त्यांना पाठवणारे खात्याचे साहेब गाडीची काचसुद्धा खाली करत नव्हते. त्यांनीच सांगितलं, "खरूज लिहा." बाबांनी लिहिलं.

"खरूज आभाळातून पडते का हो, डॉक्टर?" गवळीणकाकूंनी विचारलं होतं.

"मलम लावा," बाबा म्हणाले.

काकूंची मुलगी माझ्या वर्गात होती. एकोणिसाव्या वर्षी गळ्याच्या गाठीने गेली. तेव्हापासून काकू दरवर्षी माझ्याकडे यायच्या. "बाबांना सांग ना गं, ती नोंद बदला म्हणावं. माझ्या गाई काय घाणीत लोळत होत्या?" मी सांगायचे. बाबा वर्तमानपत्र उलटायचे. "गाडलेली मढी उकरू नकोस."

शोकसभा जनावरांच्या दवाखान्यातच होती. हल्लीचे साहेब म्हणाले, "डॉक्टरांनी खात्याला कधी खाली बघायला लावलं नाही." लोकांनी माना डोलावल्या. मागच्या बाकावरून काकूंचा आवाज आला, "गाईंनाच लावलं." दोघे-तिघे हसले.

मी उठले.

"ती खरूज नव्हती. बाबांना माहीत होतं. त्या नोंदीवर सही केली त्या संध्याकाळी त्यांनी आईला सांगितलं, उद्यापासून काकूंकडचं दूध नको. मी दारात उभी होते. मी वाचले, काकू. तुमची पोर पीत राहिली. मी रोज तिच्याशेजारी बसायचे आणि तिला एकदाही सांगितलं नाही."