दुसरी येलिसा

अंतराळयानावरच्या डॉक्टर येलिसाला ओळखत नाही असं पोर बल्गेरियात सापडणं कठीण. दोन चित्रपट झाले होते. नायक कप्तान होता, पण थिएटरातून घरी जाताना माणसं बोलायची ती येलिसाबद्दल. ते काम करणारी लिल्याना दुसरा चित्रपट लागल्यावर सहा महिन्यांत कर्करोगाने गेली. कप्तान झालेला मोमचिल तिला ‘लेल्या’ म्हणायचा, सख्ख्या मावशीला म्हणावं तसं.

तिसरा चित्रपट निघाला तेव्हा येलिसाला कथेतून काढून टाका, असं पुष्कळांनी सुचवलं. दिग्दर्शक यासेनने ऐकलं नाही. त्याने त्या भूमिकेसाठी रुझा कालुदोवाला घेतलं.

रुझा पेर्निक या कोळसाखाणींच्या गावातल्या नाटकघरातली. वय अठ्ठावन्न. रंगभूमीवर तीस वर्षं काढलेली, पण सिनेमात एकदा दूधवाली आणि एकदा प्रेत, एवढीच मजल. बातमी फुटली आणि लोक तुटून पडले. ‘लिल्यानाच्या जागी ही खाणीतली बाई?’ असं कुणीतरी लिहिलं होतं. रुझाने ते नवऱ्याला वाचून दाखवलं.

“खाणीतली हे तरी खरं लिहिलंय,” तो पाव कापता कापता म्हणाला. रुझाचे वडील आणि आजोबा, दोघेही कोळशाच्या खाणीत होते.

यासेनने लिल्यानाचे जुने सगळे प्रसंग तिला पाठवले. “रुझा, प्रेक्षकाला फरक कळता कामा नये,” एवढंच तो म्हणाला. दोन महिने रुझा आरशासमोर घासत राहिली. लिल्यानाचं मान कलती करणं, किंचित लंगडणं, नाकातून हसणं. नवरा वैतागून म्हणायचा, “आज जेवायला कोण वाढणार, तू की ती?”

चित्रीकरणाच्या पहिल्याच दिवशी मोठा प्रसंग होता. निर्जीव चंद्रावरून कप्तान एकटाच परत येतो. डॉक्टर त्याचं शिरस्त्राण उतरवते आणि दोन्ही चित्रपटांत गाजलेलं वाक्य म्हणते.

दिवे लागले. रुझाने शिरस्त्राण काढलं, मोमचिलच्या कानामागे तळवा ठेवला, मान कलती केली. “आधी श्वास घे. मग बोल.”

आवाज लिल्यानाचा होता. ध्वनिमुद्रण करणाऱ्या म्लादेनने कानावरचे हेडफोन काढून मांडीवर ठेवले. रंगभूषेची बाई उठून बाहेर गेली.

“अगदी तीच,” यासेन खुशीत म्हणाला. “मोमचिल, तुझं वाक्य.”

 मोमचिल यानाच्या लाकडी पायरीवर खाली बसला. “हॉस्पिटलात शेवटच्या दिवशी ती माझ्याशी याच आवाजात बोलली होती,” तो म्हणाला. “माफ करा, बाई. तुम्ही चुकला नाहीत. पण मेलेल्या माणसाच्या डोळ्यांत बघून मला काम करता येत नाही.”

यासेन त्याची समजूत घालू लागला. रुझाने मध्येच त्याला थांबवलं.

“तुम्हाला हवं होतं ते मी करून दाखवलं, यासेन. आता एकदा माझं बघा.”

“लोक आपल्याला फाडून खातील.”

“खाऊ द्या. पेर्निकची माणसं चावायला चिवट असतात.”

म्लादेन हसला आणि त्याने हेडफोन पुन्हा कानाला लावले.

रुझा नऊ वर्षांची असताना खाणीत छत कोसळलं होतं. बायका खाणीच्या तोंडाशी सकाळपासून उभ्या होत्या. दुपारी वडील वर आले, तेव्हा आईने त्यांना कुरवाळलं नव्हतं. हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं होतं, रागावल्यासारखं एप्रनने खसाखसा पुसलं होतं आणि हाताची बोटं मोजली होती.

पुन्हा दिवे लागले. या खेपेला रुझाने शिरस्त्राण काढलं, पण कानामागे हात नेलाच नाही. तिने मोमचिलची हनुवटी पकडली, चेहरा उजेडाकडे फिरवला आणि बाहीने त्यावरचा घाम पुसला, चांगला जोर लावून. मग त्याचे दोन्ही हातमोजे ओढून काढले आणि एकेक बोट चाचपलं. हे पटकथेत कुठेच नव्हतं.

“आधी श्वास घे,” ती दरडावून म्हणाली. दहाही बोटं पुरी झाली, तेव्हा तिचा आवाज खाली आला. “मग बोल.”

मोमचिलने खरोखरच श्वास घेतला. आपलं वाक्य विसरून तो म्हणाला, “आलो.”

कॅमेरा चालूच राहिला. थांबा म्हणायचं यासेनला सुचलं नाही. मग तो म्हणाला, “हेच ठेवायचं.”

वसंतात सोफियात पहिला खेळ झाला, दुपारचा. खेळ संपल्यावर माणसांनी रुझाला घेरलं. गर्दी ओसरली तेव्हा हातात टोपी धरून एक म्हातारा पुढे आला. तो लिल्यानाचा नवरा दोब्री होता.

“मी येणार नव्हतो,” तो म्हणाला. “पडद्यावर ती दिसेल याची धास्ती होती. ती नाही दिसली. तुम्ही दिसलात. पण येलिसा जिवंत होती, हे तिला आवडलं असतं.”

  रुझाने त्याचा दंड धरला आणि दोघं सावकाश जिना उतरले.

बाहेर भिंतीवर भलंमोठं पोस्टर होतं. सातव्या ओळीत तिचं नाव. नवरा फोन घेऊन फोटोसाठी मागे मागे सरकत होता. आपला फोटो काढ, असं रुझाने तीस वर्षांत कुणाला म्हटलं नव्हतं, ते आज म्हणाली होती. ती पोस्टरखाली ताठ उभी राहिली.

“डोकं कापलं गेलं तरी चालेल,” ती म्हणाली. “नाव नीट येऊ दे.”