दुसऱ्या नंबरची भानगड

मी नांदेडला झाडांवर पीएचडी करते, ही बातमी आखाडा बाळापुरात माझ्या आधी पोचली आणि तिथेच माझा घात झाला. बाबांचं बी-बियाण्यांचं दुकान आहे. सुट्टीत मी गल्ल्यावर बसले की येणारा प्रत्येक जण आधी लिंबाची वाळकी फांदी माझ्या नाकासमोर धरतो आणि मग खत मागतो. "तातेराव, तुमची प्रियंका झाडाची डाक्टर होऊन राहिली म्हणे. मंग आमचं लिंबू काहून गळून राहिलं ते इचारा की तिला." मी सांगते की माझं झाड कॉम्प्युटरातलं आहे, त्याला पानं असतात पण ती गळत नाहीत, आणि त्याचं मूळ वर असतं. यावर माणसं माझ्याकडे न बघता बाबांकडे बघतात. त्यांच्या नजरेत बाबांबद्दल कीव असते आणि माझं डोकं फिरतं.

म्हणून बाबा ज्याचे अध्यक्ष आहेत त्या गावच्या मंडळाने यंदा महिलांची कॅरम स्पर्धा ठरवली आणि बाबा म्हणाले, "तुझं ते उलटं झाड काढ फळ्यावर, कोण कोणासंगं खेळणार ते," तेव्हा मला केवढा आनंद झाला! आठ बायकांची नावं खाली एका ओळीत. दोघी-दोघींचा सामना, जिंकेल ती वर सरकणार. आठांतून चार, चारांतून दोन, आणि सगळ्यात वर, म्हणजे मुळाशी, जी उरेल ती पहिली. पहिलीला मिक्सर, दुसरीला कुकर. शिवाय या दोघींनी मिळून परभणीच्या विभागीय स्पर्धेत जोडीने खेळायला जायचं.

फांद्या मी काढल्या, पण नावं बाबांनी भरली आणि तिथे माशी शिंकली. बायका हॉलमध्ये ज्या क्रमाने आल्या त्या क्रमाने बाबांनी नावं लिहिली. आता आमच्या गावातल्या बायका स्पर्धेला एकेकट्या येतात का? माझ्यासोबत माझी आई, चतुराबाई, आली होती, तर पहिल्या फेरीत मी विरुद्ध आई. आणि खुर्शीदचाची आपल्या सुनेला, आफिफाला, घेऊन आल्या होत्या, तर तिथे सासू विरुद्ध सून. मी म्हटलं, "बाबा, चिठ्ठ्या टाका ना." तर म्हणाले, "संगं आल्या, संगं खेळतील. तुला काय तकलीफ हाय?"

खुर्शीदचाची म्हणजे चाँद पाशा चाचांची बायको. चाचांचं लाकडाचं काम. दारं, पलंग आणि मागणी असेल तसे कॅरम बोर्डही ते करतात. बोर्ड विकायच्या आधी तो नीट तपासला पाहिजे असं कारण सांगून चाची गेली कित्येक वर्षं दुपारी दुकानाच्या मागच्या खोलीत खेळत आल्या आहेत. आफिफा कळमनुरीहून सून म्हणून आली तेव्हा तिला स्ट्रायकर धरताही येत नव्हता. तिला चाचींनीच शिकवलं, आणि शिकवलं ते जरा जास्तच चांगलं शिकवलं.

त्यांचा सामना बघायला अख्खा हॉल गोळा झाला. शेवटी दोघींची एकेक सोंगटी उरली आणि आफिफाची आधी गेली. "सासू पहिल्याच फेरीत घरी!" कोणीतरी ओरडलं आणि सगळे हसले. चाचीही हसल्या, पण मग मागच्या रांगेत जाऊन ओढणीने चष्मा पुसत बसल्या.

पुढे आफिफाने अंगणवाडीच्या मिनाताईंना हरवलं. माझ्या बाजूचं काय सांगू? आईने सोंगट्यांपेक्षा स्ट्रायकरच जास्त वेळा होलमध्ये घातला. दहावीतल्या मंतशाचा एक डोळा बोर्डावर आणि एक मोबाइलवर होता. अशा दोन महान विजयांनंतर मी फायनलला पोचले आणि तिथे आफिफाने माझं जे केलं त्यावर न बोललेलं बरं.

"पहिला नंबर आफिफा!" बाबांनी माइकवरून जाहीर केलं. "आन दुसरा नंबर आमची प्रियंका!" टाळ्या पडल्या. आईने तिथल्या तिथे कुकरचा खोका उघडला आणि शिट्टी नीट बसते का ते बघायला लागली. मी खूश होते, अगदी मनापासून खूश. शाळेत लंगडीच्या खेळात सगळ्यात आधी बाद होणारी ती मी. आयुष्यात खेळातलं काहीतरी पहिल्यांदाच माझ्या वाट्याला आलं होतं, आणि परभणीला काय घालून जायचं याचाही विचार माझा करून झाला होता.

तेवढ्यात खुर्शीदचाची माझ्याजवळ आल्या. त्यांनी कापडी पिशवीतून स्वतःचा स्ट्रायकर काढला आणि माझ्या हातावर ठेवला. "घे बेटा. परभणीचे बोर्ड लई गुळगुळीत राहतेत म्हणे. ह्याच्यानं हात बराबर बसंल तुझा."

त्यांच्या मागे आफिफा मिक्सर मांडीवर घेऊन बसली होती आणि तिचं तोंड एवढंसं झालं होतं. पहिल्या नंबराला असं तोंड करून बसलेलं मी तरी कोणाला पाहिलं नव्हतं. मी जवळ जाऊन विचारलं, "काय गं, काय झालं?"

"अम्मीला परभणीला जायाचं व्हतं," ती हळूच म्हणाली. "स्पर्धा ठरली तव्हापासून त्यासाठीच खेळून राहिल्या व्हत्या. आन मीच त्यांना काढून टाकलं, ते बी पहिल्याच फेरीत."

स्ट्रायकर हातात घेऊन मी फळ्याकडे बघितलं. माझंच झाड, माझ्याच हाताने काढलेलं. गेल्याच महिन्यात विद्यापीठात आमच्या विभागात सगळ्यांसमोर उभं राहून मी ठणकावून सांगितलं होतं की फायनल हरलेला दुसराच असतो असं मुळीच नाही. माझ्या प्रबंधाचं पहिलं प्रकरण याच गोष्टीवर उभं आहे. आणि इथे मी कुकर घेऊन घरी निघाले होते! मनात आलं, राहू दे, कोणाला कळणार आहे? कळणार कोणालाच नव्हतं. पण मला कळत होतं, आणि त्याचाच मला भयंकर राग आला.

"बाबा," मी म्हणाले, "दुसरा नंबर अजून ठरलेला नाही."

माइक चालूच होता, त्यामुळे बाबांचं "आँ?" सगळ्या हॉलला ऐकू गेलं. "फायनल हारली ती दुसरी," ते म्हणाले. "साऱ्या दुनियेचा कायदा हाय तो."

"मग दुनियेचा कायदा चुकीचा आहे." मी खडू उचलला. "समजा गावातली एक नंबरची आणि दोन नंबरची, दोघींची गाठ पहिल्याच फेरीत पडली. मग दोन नंबरची कुठे जाईल?"

"घरी!" हॉलमधून आवाज आला.

"आणि मग फायनलला कोण पोचेल?"

"आईला हरवून आलेली," मिनाताई म्हणाल्या. हशा झाला. आई सोडून सगळे हसले.

मी खालपासून वरपर्यंत आफिफाची वाट खडूने जाड केली. "हे बघा. जी बाई आफिफाकडून न हरता दुसऱ्याच कोणाकडून हरली, तिच्यापेक्षा चांगल्या निदान दोघी आहेत. एक तिला हरवणारी आणि दुसरी आफिफा. म्हणजे ती दुसरी होऊच शकत नाही. दुसरी शोधायची तर आफिफाच्या या वाटेवर हरलेल्यांतच शोधायची. पहिल्या फेरीत चाची, मग मिनाताई आणि शेवटी मी. बाकी कोणाला पुन्हा खेळवायची गरज नाही. चाची आणि मिनाताई खेळतील, त्यात जिंकेल ती माझ्याशी खेळेल. फक्त दोन सामने, झालं काम."

बाबा फळ्याकडे बघत राहिले. वाट त्यांनी बोटाने खालून वर एकदा गिरवली, मग वरून खाली. "च्यायला," ते माइकवरच म्हणाले, "बराबर हाय."

"अहो, बराबर काय?" आई उठली. "कुकर उघडलाय मी!"

"शिट्टी काढून ठेव माघारी," बाबा म्हणाले. मग माइक बाजूला करून मला हळूच म्हणाले, "तू हारायची तयारी काहून करून राहिली, प्रियंका?"

"हरायची नाही, जिंकायची करतेय," मी फणकारले. आणि ते खरं होतं. मला परभणीला जायचंच होतं, फक्त चोरासारखं जायचं नव्हतं. मी चाचींचा स्ट्रायकर त्यांना परत दिला. त्या घेईनात. "पोरी, राहू दे. गावासमोर आजून एकदा हारायला लावतीस का मला?"

"लावते," मी म्हणाले. "बसा."

मिनाताईंना चाचींनी चहा निवायच्या आत हरवलं. मग मी समोर बसले. हातावर पावडर चोळली आणि मनाशी ठरवलं की दयामाया नाही. एकही सोंगटी मी मुद्दाम सोडली नाही, हे स्वच्छ सांगते, कारण नंतर गावात तशी कुजबुज झाली आणि ती ऐकून माझं डोकं पुन्हा फिरलं. मी आयुष्यात खेळले नसेन इतकी चांगली खेळत होते. माझ्या पांढऱ्या सोंगट्या भराभर जात होत्या, आणि मग मी क्वीनही घेतली. बाबा माइक चालू आहे हे विसरून "शाब्बास गं वाघिणी!" असं ओरडले. आता कव्हर म्हणून एक पांढरी घेतली की क्वीन माझी. पांढरी होलच्या तोंडाशी होती. अगदी लेकरानेही घेतली असती.

माझी बोटं घामेजली होती. सोंगटी होलच्या कडेला लागली, थरथरली आणि बाहेरच राहिली. क्वीन पुन्हा मध्ये आली.

चाचींनी चष्मा वर सारला. पुढे जे झालं ते मी नुसती बघत राहिले. क्वीन गेली, तिच्यामागे काळी गेली, मग दुसरी, मग बोर्डाच्या कडेवर आपटून परत येणारी तिसरी. मला पुन्हा हात लावायला मिळालाच नाही. शेवटची काळी पडली तेव्हा हॉलमध्ये असा गलका झाला की रस्त्यावरून जाणारे आत डोकावले.

मला वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू? कुकरचं काही नव्हतं, परभणीचं होतं. पण त्याच वेळी छातीवरचं ओझंही उतरलं, आणि दोन्ही एकदमच झाल्यामुळे मी वेड्यासारखी हसत सुटले. आईने खोका चाचींसमोर नेऊन ठेवला आणि म्हणाली, "शिट्टी चांगली हाय, भाभी. मी बघितली." मग त्या दोघीही हसायला लागल्या.

"दुसरा नंबर खुर्शीदभाभी!" बाबांनी जाहीर केलं. आफिफा मिक्सर खुर्चीवर टाकून धावत आली. चाचींनी तिचा हात धरून तिला बोर्डापाशी समोर बसवलं.

"सकाळी तू अशीच समोर बसली व्हतीस," चाची म्हणाल्या, "तव्हा बोर्डावर ध्यानच नव्हतं माझं. पोरीला हरवू का पोरीकडून हारू, काहीच कळंना. आता परभणीला बी तू समोरच बसशील, पर माझ्या बाजूनं."

जोडीच्या खेळात जोडीदार समोरासमोरच बसतात. त्यांचा सराव व्हायला उरलेल्या दोन बाजूंना कोणीतरी हवं होतं, म्हणून मी आणि मिनाताई बसलो. आमचा पार धुव्वा उडत होता. मध्येच चाचींच्या हाताशी एक सोपी सोंगटी होती. ती त्यांनी घेतली नाही. एक अवघड सोंगटी हलकेच ढकलून आफिफासमोरच्या होलपाशी नेऊन ठेवली आणि हात मागे घेतला. मधली माझी पाळी नेहमीसारखी वाया गेली आणि आफिफाने वर बघितलं. त्या दिवसात पहिल्यांदाच ती मोकळी हसली, आणि तिने सोंगटी घेतली.