पॅकिंगमधली बाई

पिन तिरकी बसली होती. डाव्या कोपऱ्यात, कडेपासून बोटभर आत, आणि तिचं एक टोक नीट न मिटता वर आलेलं — म्हणजे पत्राखाली सही कुणाची का असेना, ही दोन पानं एकमेकांना जोडली होती ताईने. बारा वर्षं तो हा हात पाहत होता. ताई स्टेपलर टेबलावर टेकवतच नाही, कागद हवेत धरून घाईघाईने दाबते, आणि मग पिन ही अशी... वाचण्याआधी त्याने ते टोक नखाने दाबून सपाट केलं. मग वाचलं.

पहिलं वाक्य वाचून त्याला बरं वाटलं, हे कबूल करायला हवं. छोटं, सरळ, आडपडदा नसलेलं वाक्य. 'वुई आर क्लोजिंग युअर पोस्ट ॲट द एंड ऑफ धिस मंथ.' कुठे 'रिग्रेट' नाही, 'अनफॉर्च्युनेटली' नाही. कुणा जाणत्याने लिहिलंय, असं मनात येतंय न येतंय तोच पायाखालची वाळू सरकली, कारण तो जाणता तोच होता. पत्र त्याचं होतं. त्याला आलेलं, आणि त्यानेच लिहिलेलं.

लिफ्ट बनवणाऱ्या या कारखान्यात त्याचं काम एवढंसंच. लिफ्टच्या आत बटणांच्या वर एक तळहाताएवढा पडदा असतो, त्यावर दोन ओळी मावतात, एकेका ओळीत वीस अक्षरं. सगळं सुरळीत असलं की तिथे नुसता मजल्याचा आकडा दिसतो. काहीतरी बिघडतं, दार अडकतं, वीज जाते, लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्येच थांबते, तेव्हा तिथे इंग्रजीत काय उमटावं, ते तो ठरवायचा. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात त्याने 'डोन्ट पॅनिक' काढून टाकलं होतं. न घाबरलेला माणूसही ते वाचून घाबरतो. इंजिनियरांचा लाडका शब्द होता 'अनएक्स्पेक्टेड'. काहीही मोडलं की 'अनएक्स्पेक्टेड एरर'. तो विचारायचा, अनपेक्षित कुणाला? आत अडकलेल्याला ते कळलेलंच आहे, त्याच्यासाठी पडदा कशाला खर्ची घालता? काय झालं ते सांगा, आता काय करायचं ते सांगा, आणि खोटा धीर देऊ नका... हे पालुपद ऐकून ऐकून लोकांनी त्याचं नाव मास्तर ठेवलं, आणि रजेच्या अर्जापासून पोरांच्या शाळेतल्या पत्रांपर्यंत जो तो आपलं लंगडं इंग्रजी घेऊन त्याच्या टेबलाशी येऊ लागला. दवाखाना नुसता. आणि फुकट.

ताई आणि तो एकाच आठवड्यात लागले. ती दोन वर्षांनी मोठी, म्हणून ताई, पण अरे-तुरे. त्याचे वडील गेले त्या दिवशी सगळे बाहेरच्या खोलीत येऊन बसले, आणि ताई सरळ स्वयंपाकघरात शिरून त्याच्या आईजवळ जमिनीवर बसली, तीन तास, एक अक्षर न बोलता. असं माणूस आयुष्यात एखादंच मिळतं, असं तो सगळ्यांना सांगायचा. दोन वर्षांपूर्वी ती विभागाची प्रमुख झाली, तेव्हा पेढे त्याने वाटले होते. मूर्ख! मीच वाटले.

तीन आठवड्यांपूर्वी ती चहाचा कप घेऊन आली होती.

"मास्तर, एक मजकूर हवाय. पॅकिंगमधल्या एका बाईची जागा बंद करताहेत. तिला बिचारीला कल्पनाही नाही. पर्सोनेलवाल्यांचं इंग्रजी तुला माहितीये, वाचून माणूस जागीच बसेल."

"घरी कोण कोण आहे तिच्या?"

ताई कपात पाहत राहिली. "आई आहे. थकलेली."

"म्हणजे माझ्यासारखंच की."

"हो," ताई म्हणाली. "तुझ्यासारखंच."

दोन दिवस घेतले त्याने. ती बाई डोळ्यांसमोर आणली — दोरी लावलेला चष्मा, बोटाला चिकटपट्टीचा तुकडा, खोक्यांच्या टेबलाशी उभ्या उभ्याच पत्र वाचणारी. तिची नजर कुठे अडखळेल, कुठला शब्द तिला मुलीला विचारावा लागेल... 'टर्मिनेट' खोडलं. 'अनएक्स्पेक्टेड सर्कमस्टन्सेस' तर हसत हसत खोडलं. जे ठरवतात त्यांना कसलं आलंय अनपेक्षित? काम बाहेर देणार असाल तर बाहेर देतोय म्हणा, लाजता कशाला, असं ताईलाच सुनावून 'युअर वर्क विल बी डन बाय अनदर कंपनी' असं लिहिलं. आणि मग, वर-खाली मोकळी जागा सोडून, एका ओळीत एकटंच: 'यू हॅव डन नथिंग राँग.' कारण माणूस पहिल्यांदा हेच विचारतो. माझं काय चुकलं?

"हे काढतील ते," ताई म्हणाली होती.

"भांड मग. तिच्यासाठी एवढं तरी भांड."

भांडली असावी. ओळ शाबूत होती, वर-खाली जागाही तेवढीच. पडदे आता दुसऱ्या कंपनीकडून मजकुरासकट तयार येणार, एवढाच काय तो अर्थ. त्याचंही काम बाहेरच जात होतं, वाक्य मापाने शिवल्यासारखं बसलं. त्याने पत्र तीनदा वाचलं, ताईचा एखादा शब्द सापडतो का ते बघायला. चुकीचा, गबाळा, कसाही. एखादा 'टेक केअर' चालला असता. काही नाही. बाईच्या जागी त्याचं नाव घातलं होतं, बस्स. केसाने गळा कापतात म्हणतात, पण तो केससुद्धा हिने माझ्याच डोक्यावरचा मागून घेतला, आणि मी मान वाकवून म्हटलं, घे ना, अजून एक घे!

त्याला राग आला होता. आणि रागाखाली लाजही होती. तीन आठवडे रोज दुपारी दोघांनी एकाच टेबलावर डबा खाल्ला. परवा तिने आपल्या डब्यातली शेवटची पोळी त्याच्याकडे सरकवली होती, तेव्हा तिला माहीत होतं. "झोप नीट होतेय ना तुझी?" असं विचारलं, तेव्हाही माहीत होतं.

दुपारपर्यंत त्याने काम केलं, म्हणजे समोर एक वाक्य उघडं ठेवून बसला. लिफ्ट अडकली आहे आणि मदतीचा फोन कुणी उचलत नाही, तेव्हा काय लिहायचं? नकाशे काढणारा गृहस्थ घरमालकाला लिहिलेलं पत्र घेऊन आला, ते त्याने दुरुस्त करून दिलं. "तुमच्यासारखं कुणी नाही, मास्तर," गृहस्थ म्हणाला. तो हसला.

डब्याच्या वेळी ताई आली, पण बसली नाही. डबा हातात तसाच.

"वाचलंस?"

त्याने मान हलवली.

"बोल ना काहीतरी. शिव्या दे."

"सांगायचं होतंस," तो म्हणाला.

"मला बंदी होती. तरी..." ताईने डबा टेबलावर ठेवला, पुन्हा उचलला. "दोन दिवस वाट बघितली मी. तू सगळं विचारलंस. घरी कोण, चष्मा आहे का, पत्र बसून वाचेल की उभ्याने. तिचं नाव नाही विचारलंस. एकदा जरी विचारलं असतंस ना मास्तर, मी सांगितलं असतं. आईशप्पथ."

ती गेली. चोराच्या उलट्या बोंबा, असं त्याच्या तोंडावर आलं होतं, पण आलं तसंच परत गेलं, कारण नाव त्याने खरंच विचारलं नव्हतं. मजकूर देऊन टाकला त्या रात्री तो गाढ झोपला होता. एका बाईची नोकरी जाणार, आणि मी समाधानाने झोपलो — वाक्य छान जमलं म्हणून! पॅकिंगचा विभाग तर एका जिन्याच्या अंतरावर होता. खाली उतरून कोण ती, बघून यावं, हेसुद्धा सुचलं नाही.

पण समजा विचारलं असतं. तिचं नाव काय, ताई? ती कपात पाहत राहिली असती, आणि मग मान वर करून म्हणाली असती... तुझंच. हे त्याला स्वच्छ ऐकू आलं, तिच्या आवाजात, शेवटी थोडा चिरकलेला. आणि लगेच दुसरंही ऐकू आलं, तितकंच स्वच्छ: कुठलंतरी बाईचं नाव, न अडखळता, आडनावासकट. आणि मी ते मजकुराच्या डोक्यावर लिहून त्यावर आणखी एक, तिसरा दिवस खपलो असतो.

यातलं खरं कुठलं? ताईचं अर्धं वाक्य पुरं करणं हा त्याचा बारा वर्षांचा चाळा. सगळे हसायचे त्याला. पलीकडच्या टेबलाशी ताई पाठमोरी बसून जेवत होती, किंवा जेवत नव्हती, इथून कळत नव्हतं. तो तिच्या पाठीकडे बघत राहिला, आणि तिच्या तोंडात दोन्ही उत्तरं पुन्हा पुन्हा घालून बघत राहिला. दोन्ही बसत होती.